पूजेला बसलेली हार्ड डिस्क

सगळ्यात आधी सूद आंटींचं नाव लिहितो, मग काय घडलं ते सांगतो. ही गोष्ट मी उलट बाजूने सांगायला घेतली की ऐकणारे माझीच पाठ थोपटतात आणि मला घरी जाऊन झोप लागत नाही. तेव्हा नोंद असावी. फरीदाबादच्या सूद आंटी, बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी मदत केली म्हणून एका मराठी माणसाचं घर सावरलं. मी मधे फक्त स्क्रू पिळले.

आता माझ्याविषयी. मी आटपाडीकडचा. नववीत शाळा सुटली आणि मामाने दिल्लीला आणलं. आमच्याकडची पुष्कळ माणसं देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. मामाची करोल बागेत तशीच एक खोली होती, भट्टीची. तेजाबाचा धूर माझ्या छातीला मानवेना. खोकला थांबेना तेव्हा मामाने त्याच्या ओळखीच्या चोप्राजींकडे, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात, लावून दिलं. गावाकडे फोन करून आईला सांगितलं, "कॉम्प्युटरच्या दुकानात आहे." तिने विचारलं, "त्याचा धूर येतो का?" म्हटलं नाही. तिला तेवढंच हवं होतं.

माझं नाव तानाजी. दिल्लीत ह्या नावाचा एक फायदा झाला. नावातच 'जी' असल्यामुळे शिव्या देणारासुद्धा मान देऊनच सुरुवात करायचा.

तो काळ असा की बाजार नुकता मोकळा झालेला. जो तो घरी कॉम्प्युटर घ्यायला निघालेला. दिल्लीच्या द्वारका भागात सोसायट्या उभ्या राहत होत्या, लिफ्ट लागायच्या आधी लोक कॉम्प्युटर चौथ्या मजल्यावर चढवायचे, आणि चढवणारा मी असायचो. पुढे मी दुकानात बसायला लागलो आणि हळूहळू हार्ड डिस्क हे माझं खातं झालं. कारण सांगतो. मी मुळात भित्रा माणूस. गॅस बंद केलाय का हे परत जाऊन बघणारा. कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन गेला, नवा आणता येतो. पंखा गेला, नवा येतो. डिस्क गेली की तिच्यातलं सगळं जातं, आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाही. ही भीती मला बरोबर समजायची, म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवलं जायचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जुनी हार्ड डिस्क म्हणजे हातात मावणारा लोखंडी डबा. आत आरशासारख्या थाळ्या भन्नाट फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई, न टेकता, माहिती वाचत जाते. टेकली की संपलं. डब्याच्या खालच्या बाजूला एक हिरवी पाटी असते, तिच्यावर चिपा. वीज आधी पाटीत जाते, पाटी थाळ्यांना फिरवते आणि वाचलेलं बाहेर पाठवते. थाळ्या म्हणजे कपाट, पाटी म्हणजे कुलूप-किल्ली, असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

चांगली डिस्क कशी ओळखायची, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय. लोकांची आपापली शास्त्रं असतात. एक लालाजी दोन डिस्क दोन तळहातांवर घेऊन डोळे मिटायचे आणि जड असेल ती घ्यायचे, कलिंगड घ्यावं तशी. मानेसरच्या कारखान्यातले एक साहेब म्हणाले, "लिख के दो, दस साल चलेगी." मी म्हटलं, "साहब, मैं अपना भी लिख के नहीं दे सकता." ते हसले नाहीत, पण डिस्क घेऊन गेले.

मी काय बघायचो? पहिलं म्हणजे ती दुकानापर्यंत कशी आली. विटा फेकाव्यात तशा डिस्क एका हातातून दुसऱ्या हातात फेकणारी दुकानं होती. तिथून कंपनी कितीही नावाजलेली असो, घेऊ नये. वापरलेल्या डिस्कला नवं लेबल चिकटवून विकणारेही होते. त्यासाठी स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे आहेत का ते बघायचं. मग लावून कान द्यायचा. बरी डिस्क एकसारखी घुमते, बिघडायला आलेली टकटकते. घरातली वीज नाचत असेल तर आधी स्टॅबिलायझर, मग डिस्क. आणि शेवटी, कंपनी कुठलीही घ्या पण दोन घ्या. दोन्ही एका दिवशी एका पेटीतून घेऊ नका, कारण एकत्र जन्मलेल्या डिस्क बऱ्याचदा एकत्रच आजारी पडतात. एक कामाला, दुसरीवर सगळ्याची नक्कल, आणि ती कपाटात.

हे सगळं ज्यांनी अक्षरशः पाळलं ते माझे सर्वांत गुणी गिऱ्हाईक म्हणजे द्वारकेचे भोईरकाका. आणि घात झाला तो त्यांचाच.

भोईर कुटुंब दिल्लीत जुनं. काकांचे वडील सरकारी छापखान्यात नोकरीला आले आणि इथेच राहिले. काका एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्राच्या भागांची नकाशावजा चित्रं काढणारे. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा काकांनी ती घेतली, द्वारकेच्या फ्लॅटच्या एका खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि मानेसरच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी घरून ड्रॉइंग करायला लागले. पन्नाशी उलटलेली, मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. सुरुवातीला किरकोळ कामं मिळाली. मग त्या वर्षी एका कारखान्याने पूर्ण एका यंत्राची ड्रॉइंग दिली. हे काम वेळेवर झालं तर कायमचं काम. नाही झालं तर दुसरा माणूस तयारच होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी द्यायचं होतं. काकांनी ते नवरात्रातच संपवलं आणि दोन्ही डिस्कवर ठेवलं. मला फोनवर सांगितलंही, "तानाजी, तुझ्या शिकवणीप्रमाणे दोन्ही ठिकाणी आहे रे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी दुकानाचं शटर वर करतोय तोवर काका-काकू ऑटोतून उतरले. काकूंच्या हातात पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा. मला वाटलं, पुरणपोळ्या.

"तानाजी," काका म्हणाले, "वास आला रे."

"कसला वास?"

"जळका. बटण दाबलं, वास आला, आणि मग काहीच नाही."

"बरं, घाबरू नका. कपाटातली दुसरी आहे ना?"

काका फुटपाथकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "ह्यांनी घाबरून तीही लावली. तिलाही तोच वास."

दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या डिस्क एका सकाळी जातात हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी डबा उघडला. आत धुतलेल्या पंच्यावर दोन्ही डिस्क, हिरवी पाटी वर करून ठेवलेल्या. पाट्यांवर हळद होती. कुंकू होतं. चिपांच्या बारीक पायांत अक्षतांचे दाणे रुतले होते, आणि एका स्क्रूला झेंडूची पाकळी चिकटली होती.

"काका, हे काय?"

"हे काय म्हणजे? खंडेनवमी नव्हती का!" काका जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "माझे वडील छापखान्यातली अक्षरांच्या खिळ्यांची पेटी पुजायचे. मी इतकी वर्षं ड्रॉइंगची पट्टी न् कंपासपेटी पुजली. आता माझं हत्यार कुठलं? माऊस पुजू?"

"कॅबिनेटला बाहेरून बोट टेकवायचं हो!"

"तो पत्र्याचा डबा रे. काम तर ह्याच्यात आहे. म्हणून स्वतः स्क्रू काढून नीट पाटावर मांडली."

"आणि उलटी का मांडली?"

"लेबलवर कुंकू पडलं तर नंबर पुसला जाईल ना, वॉरंटीचा."

एवढा सावध माणूस.  मी विचारलं, "पण दुसरी? ती तर कपाटात होती."

ह्यावर काकू हळूच म्हणाल्या, "ते मी काढायला लावलं. म्हटलं, ती बिचारी वर्षभर अंधारात पडून असते, सणाला तरी बाहेर काढा. अन् पाणी जास्त नाही शिंपडलं हं मी. तुळशीच्या पानाने, एवढंसंच."

हळद-कुंकवाचं ते ओलं गंध चिपांच्या पायांमध्ये जाऊन बसलं होतं. वरून सुकलेलं दिसत होतं, आतून नाही. वीज सोडल्याबरोबर पाटी जळाली. खरंतर दिल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं नसतं. इथे दिवाळीला दुकानाची पूजा होते, पण हत्याराला डब्यातून काढून, पाटावर बसवून, त्याच्या अंगाला गंध लावणारे आपणच. मी स्वतः गावाकडे आमच्या विळ्या-खुरप्यांना तसं लावलेलं आहे. हसू कुणाला?

चोप्राजी आले, त्यांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तानाजी, इनको मना कर दे. झूठी आस मत देना." त्यांचं चूक नव्हतं. पण एक बारीक वाट होती. थाळ्यांना काही झालं नव्हतं, जळाली होती पाटी. त्या काळच्या डिस्कमध्ये, अगदी त्याच मॉडेलची, पाटीवर तोच नंबर असलेली दुसरी चालू डिस्क मिळाली, तर तिची पाटी काढून हिला लावता यायची. आता तसं होत नाही, प्रत्येक पाटीत तिच्या तिच्या डिस्कची खासगी माहिती असते. तेव्हा व्हायचं, कधीकधी. भंगारातल्या मेलेल्या डिस्कवर मी हे करून पाहिलं होतं. जित्या कामावर कधीच नाही.

नेहरू प्लेसभर फिरलो. काकांच्या नव्या डिस्कशी जुळणारी पाटी कुणाकडे नव्हती. जुन्या डिस्कचं मॉडेल बंद झालेलं. दुपार व्हायला आली. काकू बाकावर बसून होत्या, काका उभेच. मधेच म्हणाले, "मी सोमवारी जाऊन त्यांना काय सांगू रे? पूजा केली म्हणून गेलं?"

आणि मला सूद आंटी आठवल्या. काकांची जुनी डिस्क आणि आंटींची एकाच पेटीतून निघाली होती. ती पेटी मी विसरणं शक्यच नव्हतं, कारण त्या दिवशी आंटींनी मला सगळ्या डिस्क काउंटरवर मांडायला लावल्या होत्या. "बीच वाली दे. किनारे वालियों को धक्के लगे होंगे." कांदे निवडावेत तशी त्यांनी मधली उचलली. मुलगी रिंकी कॅनडात, तिच्याशी ईमेलवर बोलता यावं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता. तो बसवायला मी फरीदाबादला गेलो तेव्हा त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं, आणि "कितना पढ़ा है?" ह्या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून नुसतं "अच्छा, दाल और ले" म्हणाल्या होत्या. दिल्लीत त्या प्रश्नानंतर एवढं सोपं वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं.

फोन लावला.

"आंटीजी, आपकी हार्ड डिस्क चाहिए थी. थोड़ी देर के लिए."

"मेरी? क्यों, नेहरू प्लेस में खत्म हो गईं?"

मी सगळं सांगितलं. पूजेचंही. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. नंतर कळलं, त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. मग गंभीर झाल्या. "और मेरा सामान?"

"पहले सब नई डिस्क में कॉपी करूँगा. उसके बाद ही खोलूँगा. पर आंटीजी, झूठ नहीं बोलूँगा, उनकी डिस्क अंदर से खराब निकली तो आपकी भी जल सकती है."

"आज ही करना है?"

"सोमवार को उनको काम देना है."

"आज रिंकी की मेल आनी थी. मुन्ना हुआ है परसों. फोटो भेजने वाले थे, सुबह से बैठी हूँ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिला नातू. "रहने दीजिए, आंटीजी. मुझे पता नहीं था."

"रहने क्या दूँ? फोटो कल देख लूँगी, बच्चा कहीं भागा थोड़े जा रहा है. दुकान खुली रखना."

आल्या. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत, पुढच्या सीटवर कॅबिनेट, त्याला बेल्ट बांधलेला. दुकानात शिरताच विचारलं, "पूजा किसने की थी?" काकूंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. आंटी त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "तो अब ऊपर वाले से भी बात कर लो, बहनजी. ये अकेला लड़का क्या-क्या करेगा."

नक्कल व्हायला दुपार गेली. नक्कल झाली म्हणजे ती उघडतेच असं नाही, म्हणून मी आंटींची एकेक पत्रं, फोटो उघडून बघत बसलो. पुन्हा बघितली. चोप्राजी वैतागले. खरं म्हणजे मी वेळ काढत होतो. आंटींची पाटी उघडायची वेळ आली तेव्हा माझे हात इतके कापायला लागले की स्क्रूच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर बसेना. मी तो खाली ठेवला. मराठीतच म्हणालो, "काका, मी नाही करत. मुंबईला हेच काम करणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे पाठवू."

"किती दिवस लागतील?"

"आठवडे लागतील."

 काका नुसते खाली बसले, इतका वेळ उभे होते ते. आंटींना भाषा कळली नाही, पण बसण्याची तऱ्हा कळली.

"क्या हुआ?"

"हाथ काँप रहे हैं, आंटीजी. आपकी भी जाएगी, इनकी भी जाएगी."

"तो जाएगी," आंटी म्हणाल्या. "मैंने सोच के दी है. तुझसे कोई वादा माँगा? बैंक में पहली बार स्ट्राँगरूम की चाबी मेरे हाथ में आई थी तो मेरे भी काँपे थे. ताला काँपते हाथ से भी खुल जाता है. चाय पी और कर."

चहा प्यायलो. मग केलं.

आधी काकांच्या डिस्कची जळकी पाटी उतरवली. खालची टोकं स्पिरिट लावलेल्या ब्रशने पुसली, पुसत राहिलो, ब्रश पिवळा व्हायचा थांबेपर्यंत. मग आंटींची पाटी काढून तिथे बसवली. काकूंचे ओठ हलत होते. काकांनी पाठ फिरवली होती. मी बटण दाबलं.

काहीच नाही. मग एक टक. माझ्या धंद्यात त्या आवाजासारखा वाईट आवाज नाही. मी हात वायरकडे नेला, बंद करायला, आणि तेवढ्यात ती घुमायला लागली. आधी जड, मग एकसारखी. मी कान लावून बसलो, कुणाला काही सांगायची हिंमत होईना. स्क्रीनवर काकांच्या फोल्डरची नावं आली तेव्हा मी म्हटलं, "काका, वळा इकडे."

काका वळले. ड्रॉइंग उघडलं, पांढऱ्या रेषा, मापं, कोपऱ्यात त्यांचं नाव. त्यांनी स्क्रीनला हात लावला नाही, हात मागे बांधून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मापं तपासत होते. सगळं दोन नव्या डिस्कवर उतरवलं. मग आंटींची पाटी त्यांच्या डिस्कला परत लावली. तीही सुरू झाली. काकू आंटींच्या पाया पडायला वाकल्या तर आंटींनी दंड धरून उभं केलं. "ये सब बाद में. तानाजी, अब मेरा मुन्ना दिखा."

दुकानातल्या फोनच्या लाइनवर इंटरनेट जोडलं. ते तेव्हा किंचाळून जोडलं जायचं. मेल आलेली होती. फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत होता. आधी लोकरीची टोपी आली. मग कपाळ. मग बराच वेळ काहीच नाही, लाइन अडकलेली. आम्ही पाचजण, चोप्राजींसकट, श्वास धरून उभे. मग मिटलेले डोळे आले, नाक आलं.

"नाक तुमचंच," काकू मराठीत म्हणाल्या.

"नाक तो मेरी है," आंटी त्याच क्षणी हिंदीत म्हणाल्या.

सोमवारी काकांनी काम दिलं. ते काम पुढे चालू राहिलं, त्यांची मुलगी शिकली. दुसरी डिस्क काही वाचली नाही. तिच्या जोडीची पाटी मला कुठेच मिळाली नाही आणि त्याची रुखरुख अजून आहे. मी मात्र एक नेम धरला. दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दिल्लीतल्या सगळ्या मराठी गिऱ्हाइकांना फोन करायचा: "पूजा करा, पण बाहेरून. अन् एकीचीच करा." आता फिरत्या थाळ्यांच्या डिस्क घरातून जवळजवळ गेल्या. नव्यांना आवाजच नाही; माझ्या कानाला काम उरलं नाही. लोक फोनवर डिस्क मागवतात, ती कशी आली, कुणी फेकली, कुणाला कळत नाही. मी अजून सांगतो, दोन घ्या. ते मान हलवतात आणि एकच घेतात.

सूद आंटींना त्या दिवशी मी नकलेची नवी डिस्क फुकटच ठेवून घ्या म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं नाही. चोप्राजींना तिची किंमत दिली आणि मला म्हणाल्या, "तुझसे लूँगी तो कुछ ढंग का लूँगी. जब ज़रूरत होगी." मी दर दिवाळीला फरीदाबादला जातो. त्यांची नजर अधू झालीय, गाडी विकली, मुलीकडे कायमचं जायला तयार नाहीत. दर वेळी विचारतो, "आंटीजी, ज़रूरत पड़ी?" त्या म्हणतात, "अभी नहीं. बैठ, खाना खा." म्हणजे दर वर्षी त्यांच्याकडून घेऊन येतो तो मीच.

आंटी, हे मराठीत आहे, तुम्हाला वाचता यायचं नाही. ह्या दिवाळीला मी अंक घेऊन येईन आणि हिंदीत सांगेन. तुम्ही कधीतरी काहीतरी मागाल. ते दूरचं असो, अवघड असो, माझ्या आवाक्याबाहेरचं असो, हात कापले तरी मी ते करीन. हा शब्द मुद्दाम छापून देतोय, म्हणजे माझ्यासारख्या भित्र्याला तो मागे घेता येणार नाही.